त्र्याऐंशी टक्के

विट्याहून आलेल्या संपतरावांचं जयपूरच्या जोहरी बाजारात सोनं गाळण्याचं आणि पारखून देण्याचं दुकान होतं, तीस वर्षांचं. शेजारच्या गल्लीत सोन्याची शुद्धता सांगणारं कॉम्प्युटरचं मशीन आलं, तेव्हा बायको म्हणाली, "आपणही घेऊ या का?"

"त्या डबड्याला सोन्यातलं काय कळतंय?" संपतराव उखडले.

त्यानंतर महिनाभर दुकानात कुणी फिरकलं नाही. मग एका दुपारी जुने सराफ बन्सीधरजी एक कडं घेऊन आले.

"संपतजी, मशीनवर तपासलंय. पण खात्री तुमच्याच शब्दाची."

संपतरावांचा ऊर भरून आला. त्यांनी कडं कसोटीच्या दगडावर घासलं, वर तेजाबाचा थेंब सोडला आणि उमटलेली रेघ डोळ्यांजवळ नेऊन निरखली.

"त्र्याऐंशी टक्के. लिहून घ्या!"

बन्सीधरजींनी खिशातली मशीनची चिठ्ठी उलगडली. तिच्यावरही त्र्याऐंशीच होते. संपतराव मनापासून हसले.

"वा! म्हणजे मशीन भरवशाचं आहे," बन्सीधरजी उठत म्हणाले. "आता उगाच तुम्हाला त्रास द्यायला नको."

ते गेले, तरी संपतराव हसतच होते. नेमकं कशाला, ते त्यांना कळेना.