दुसरीची बॅग

“जी एकटी पडेल, तिची बॅग दुसरीने उचलायची,” आयुष्यभर गोल्फपटूंच्या बॅगा वाहिलेल्या बाबांनी शेवटच्या आजारात दोन्ही लेकींकडून वचन घेतलं होतं. धाकटी नव्या, प्रतिस्पर्धी लीगमध्ये गेली. तिथले गुण अजिंक्यपद स्पर्धेसाठी धरतच नसल्याने आज तिला पात्रता फेरी खेळायची होती. जुन्या लीगमधल्या थोरलीला थेट प्रवेश होता. पण कालच नोटीस लागली होती: खेळाडू असो वा बॅग वाहणारा कॅडी, नव्या लीगवाल्यांना मदत करणाऱ्याचा अजिंक्यपद स्पर्धेतला प्रवेश रद्द. धाकटीचा कॅडी घाबरून आलाच नाही. दिवसभरात छत्तीस होल, तेही स्वतः बॅग वाहत! पंचांनी तिचं नाव पुकारलं. “मजा बघायला आलीस, ताई?” थोरली समोर दिसताच धाकटी फणकारली. “नोटीस वाचलीत ना?” पंचांनी थोरलीला हळूच बजावलं. “वाचली की.” तिने गवतावरची बॅग खांद्याला लावली आणि बाबांसारख्याच अदबीने विचारलं, “कुठली स्टिक देऊ, मॅडम?”