बिनमाळेचं इमान

"आधी माळ, मग विमान," जितेंद्रने पुन्हा सांगितलं आणि पिशवीतून काढलेली लाकडी मण्यांची माळ वच्छलाबाईंपुढे धरली.

समोर खळ्यात हेलिकॉप्टर उभं होतं. गावाच्या तोंडी ते इमान. साक्रीच्या पश्चिमेला डोंगरात बसलेल्या या गावाची फरशी, म्हणजे नाल्यावरचा ठेंगणा पूल, पुरात वाहून गेली होती. आता बाहेर पडायचं तर या इमानातूनच. बाजेवर वच्छलाबाईंची सून रूपा कण्हत पडली होती. पोटातलं मूल आडवं आलेलं. गावातल्या नर्सबाईंनी हात टेकले होते. धुळ्याला नेलं नाही तर दोन्ही जीव जातील, असं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं.

इमान एका सेवा मंडळाचं होतं. मंडळ डोंगरातल्या गावांना फुकट औषधं पोचवायचं, अडलेली माणसं उचलून न्यायचं आणि जाता जाता गावाला आपल्या गुरुजींचं भक्त करून टाकायचं. जितेंद्र या मंडळाचा माणूस, जळगावात मेहरूणला राहणारा, गळ्यात तशीच माळ, बोलायला मोठा गोड. घरच्यांनी माळ घालायची आणि मोबाइलसमोर म्हणायचं की आजपासून आमच्या घरात दुसरं दैवत नाही. फक्त एवढंच, असं तो हसून म्हणाला. जणू काही चहाच मागत होता!

आणि घरात चौरंगावर श्रावणातली कानबाई देवी बसलेली. तिचे रोट, म्हणजे नैवेद्याचा स्वयंपाक, झालेले. पुरणपोळ्या, खीर, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, सगळ्याचा वास थेट खळ्यापर्यंत येत होता. त्या रोटांचा गहू रूपानेच अवघडल्या अंगाने निवडला होता. जितेंद्रने आल्या आल्या वास घेऊन म्हटलंही होतं, सकाळपासून पोटात काही नाही, थोडं वाढा की. तेव्हा वच्छलाबाईंच्या धाकट्या जावेने, मंदाबाईने, त्याला सरळ उडवून लावलं होतं.

"रोट भाऊबंदस्ना ऱ्हातस. परकास्ले देतस नही."

तेच आता त्याने बरोबर परत केलं.

"रागवू नका अक्का. तुमच्या रोटाला परका चालत नाही, आमच्या विमानाला बिनमाळेचा चालत नाही. जसा तुमचा नेम तसा आमचा."

त्याचं बोलणं खोटं नव्हतं आणि म्हणूनच ते वच्छलाबाईंना जास्त झोंबलं. रूपाचा नवरा भटू पुढे झाला. "आई, मी घालस माळ," म्हणत त्याने हात पसरला. घाल बाबा, असं वच्छलाबाईंच्या ओठांवर आलंच होतं. सुनेच्या जिवासाठी त्यांनी दहा माळा घातल्या असत्या. पण आपल्या अडल्या घडीला कोणी किंमत लावावी, याचा त्यांना असा काही संताप आला की कानशिलं तापली.

तेवढ्यात त्यांची नजर हेलिकॉप्टरच्या दारापाशी गेली. तिथे संघमित्रा उभी होती, इमान चालवणारी. धुळ्याची पोर. मघापासून ती मान खाली घालून आपल्या बुटांकडे बघत होती. तिचा गळा मोकळा होता.

"थांब रे भटू," वच्छलाबाई म्हणाल्या. "जितेंद्रभाऊ, या पोरना गळामा माळ कोठे शे?"

"त्या नोकरीला आहेत, अक्का."

"आन इमान कोन चालाडस? तू का ती?"

"त्याच."

"मंग बिनमाळनं इमान उडस तर!"

बायका खळखळून हसल्या. जितेंद्र लाल झाला. वच्छलाबाई मात्र हसल्या नाहीत. त्या चिखल तुडवत थेट संघमित्राच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"पोरी, तुन्हा इमानमा इमान शे का?"

संघमित्राने मान वर केली. तिची आजीही विमानाला इमानच म्हणायची, आणि लहानपणी ती तिला त्यावरून चिडवायची. आज तिला हसू आलं नाही.

"शे, अक्का," ती म्हणाली आणि तिने दार उघडलं. "बाज उचला."

"मॅडम, मला वर सांगावं लागेल," जितेंद्र मागून ओरडला. "नोकरी जाईल तुमची!"

"सांगा."

रूपाला आत निजवलं. जितेंद्र घाईघाईने चढायला आला, तर संघमित्राने दारात हात आडवा धरला. "पेशंटजवळ एकच माणूस बसेल. जास्त वजन घेऊन मी या ढगांत उडत नाही. भटूभाऊ, बसा."

"आणि मी?"

"पाणी उतरलं की या."

इमान उठलं, खळ्यातला भुसा उधळत डोंगरापलीकडे गेलं. जितेंद्र माळ हातात घेऊन तिथेच उभा राहिला. मग ओट्याच्या कडेला जाऊन बसला.

दुपारी नर्सबाईंच्या फोनवर भटूचा आवाज आला. मुलगी झाली होती. दोघी सुखरूप होत्या. वच्छलाबाई पदरात तोंड घालून मनसोक्त रडल्या, आणि डोळे पुसून सरळ चुलीकडे गेल्या. त्यांनी ताट वाढायला घेतलं तशी मंदाबाई दचकली.

"अक्का, तो परका शे!"

"फरशी गयी, इमान गयं. आते तो कोठे जाई? आज त्याले भाऊबंद धर."

त्यांनी ताट ओट्यावर नेऊन जितेंद्रपुढे ठेवलं. पुरणपोळीवर तूप ओघळत होतं. तो ताटाकडे बघत राहिला. मग त्याचा हात आपोआप स्वतःच्या गळ्याकडे गेला आणि तो आपली माळ डोक्यावरून काढू लागला.

"ऱ्हाऊ दे, भाऊ," वच्छलाबाई म्हणाल्या. "आमना रोट खावाले माळ काढनी पडत नही."