नाव झाकलेली कथा

संमेलनाच्या मांडवामागे, शाळेच्या एका वर्गात नवलेखकांची कार्यशाळा चालली होती. नावं झाकून दिलेल्या कथांतली एक ज्येष्ठ लेखक खांडेपारकरसरांनी चिमटीत उचलली, मेलेली पाल उचलावी तशी.

"ऐका हं," म्हणत त्यांनी पहिला परिच्छेद नाटकी हेल काढून वाचला. "सासू गेल्यावर सून तिचा चष्मा लावून पेपर वाचते म्हणे! अगं बाई, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा की!"

वर्ग खो खो हसला. कथा हेमलताची होती. कुणाला संशय येऊ नये म्हणून ती सगळ्यांत मोठ्यानं हसली.

सरांचं तिच्याकडे लक्ष गेलं. "या बाईंना जाण आहे. या पुढे, उरलेलं रडगाणं तुम्हीच वाचा."

हेमलता उठली. स्वतःच्याच हसण्याची तिला किळस आली होती. कागद हातात घेऊन, सरांवरची नजर न हलवता ती वाचू लागली. आधी मागच्या बाकांवरचं हसू थांबलं, मग पुढच्या बाकांवरचं. सासूनं मरायच्या आदल्या दिवशी चष्मा पदरानं पुसून सुनेच्या हातात ठेवला, तिथे कुणीतरी नाक ओढलं.

सर ताडकन उठले. "पुरे! आणि वाचताना निदान पान तरी उलटा, बाई. मघापासून पहिलंच पान धरून उभ्या आहात."

हेमलतानं कागद टेबलावर पालथे ठेवले.

"अजून दोन पानं आहेत, सर. बसा खाली."