आचलचा वर्ग

टाळ्या वाजत होत्या आणि श्याम गुल्हाने सर वर्गाच्या मागच्या भिंतीला टेकून जमिनीकडे पाहत होते.

टाळ्या सहावीतल्या आचलसाठी होत्या. तिनं डिजिटल फळ्यावर बोट फिरवून सूर्यमाला उघडली, पृथ्वी गरगर फिरवली, पोरांचे गट पाडले, प्रश्न विचारले. मजकूर आला की म्हणायची, "माधवी, तू वाच." कोणी चुकलं की म्हणायची, "बाकीचे सांगा." मोर्शीजवळच्या त्या लहानशा शाळेत भेटीला आलेल्या केंद्रप्रमुख सीमा मॅडम पोरांमध्येच बाकावर बसून हे पाहत होत्या.

"सर, याला म्हणतात मुलांनी चालवलेला वर्ग," त्या म्हणाल्या. "मुलं पुढे, शिक्षक मागे. सोमवारी अकोल्याच्या मेळाव्यात आचल हेच करून दाखवेल. तिथे एक नवं पान देतील. ते तिनं स्वतः वाचायचं आणि इतरांना समजवायचं. बस."

सरांनी हात जोडले.

सर मागे उभे राहत ते पोरांना पुढे करण्यासाठी नव्हे. त्यांना तो फळा चालवताच येत नव्हता. अमरावतीच्या प्रशिक्षणात ते नुसती मान डोलवत बसले होते. शेजारच्या तरण्या मास्तरांची बोटं सपासप चालायची, आणि पुन्हा एकदा सांगा म्हणायची यांना लाज वाटायची. पन्नाशी उलटलेली, गणित शिकवण्यात तालुक्यात नाव. आता कोणाला काय विचारायचं? शाळेत फळा बसला त्या दिवशी त्यांनी काहीतरी दाबलं आणि सगळं काळं झालं. पोरं हसली. आचल उठली, कुठंतरी बोट लावलं, फळा पुन्हा उजळला. तेव्हापासून वर्ग आचलच्या हाती गेला आणि सर मागच्या भिंतीशी. पळून जाऊन ते तिथं लपले होते. लोकांनी त्यालाच चांगलं नाव दिलं.

शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांनी आचलला सरावासाठी थांबवलं. माधवी तिची वाट पाहत व्हरांड्यात बसली. सरांनी आचलकडूनच एक नवी गोष्ट फळ्यावर उघडून घेतली.

"हं, वाच. अकोल्यात असंच देतीन तुले."

आचल फळ्याकडे पाहत राहिली. "सर, अक्षरं मोठी करू?"

"कर."

तिनं केली. पाहिलं. पुन्हा मोठी केली. ओळी फळ्याबाहेर गेल्या, मग शब्द बाहेर गेले. शेवटी अख्ख्या फळ्यावर एकच शब्द उरला. सकाळ.

"वाच नं बाप्पा आता."

आचलनं त्या शब्दावर हात ठेवला. फळा बोटानं चालणारा. शब्द सरकून निघून गेला.

"मले हे येत नाही, सर."

"हे म्हणजे काय?"

"वाचणं."

सरांना आधी वाटलं, पोरगी थट्टा करून राहिली. मग एकेक गोष्ट डोळ्यांपुढं आली. 'माधवी, तू वाच.' त्याला सर दुसऱ्याला संधी देणं समजत होते. चित्र पाहून धडा उघडणं. परीक्षेत माधवीच्याच शेजारी जाऊन बसणं. आचलचे आई-बाप वीटभट्ट्यांवर राबणारे. तिसरीपर्यंत दरवर्षी नवं गाव, नवी शाळा. चौथीत ती इथं आली. बाहेरून आलेल्या प्रत्येक पोराला सर पूर्वी जवळ बसवून बाराखडी घोकवून घ्यायचे. हिची तेवढी राहिली. कारण ती त्यांना फळ्यापाशी हवी होती.

आणि मग मनात जे आलं ते त्यांचं त्यांनाच नकोसं झालं. सोमवारी माधवीला न्यावं. आचलला ताप आहे म्हणावं. कोणाला कळतं?

त्या विचाराचा राग त्यांनी पोरीवरच काढला. "येवढे दिवस सांगितलं काहून नाही मले?"

आचल घाबरली नाही. दप्तराचा पट्टा खांद्यावर घेत हळूच म्हणाली, "तुमाले फळा चालवता येत नाही, हे तुमी बी तं कोणाले सांगितलं नाही, सर. म्हून मी बी नाही सांगितलं."

सर पोरांच्या बाकावर खाली बसले. पोरीला सगळं माहीत होतं. पहिल्या दिवसापासून तिनं त्यांना झाकलं होतं, आणि त्यांना वाटत होतं की ती हुशार आहे म्हणून पुढे पुढे करते.

त्यांनी मोबाइल काढला आणि तिच्यासमोरच सीमा मॅडमना फोन लावला.

"मॅडम, सोमवारी आम्ही येत नाही. मला तो फळा चालवता येत नाही. कधीच येत नव्हता. लाजेपायी मी मागं उभा राहायचो, अन् तुम्ही त्याचंच कौतुक केलं."

पलीकडे मॅडम समजुतीनं हसल्या. "अहो सर, त्यात काय एवढं? वर्ग तर छान चालला आहे. तुम्ही नाही, तर मग पोरांना शिकवलं कोणी?"

आचल त्यांच्याकडे पाहत होती. तिचं नाव सांगितलं असतं, तर मॅडमनी त्याचंही कौतुकच केलं असतं.

"कोणीच नाही, मॅडम," सर म्हणाले.