गडहिंग्लजचे हात

रविवारी चंद्राक्कानं गडहिंग्लजला हातमोजे चढवले, तसे नागपूरच्या वसतिगृहातले यंत्राचे दोन हात तिच्यासारखेच हलायला लागले. ते ऋतुजाच्या डोक्यावर टेकले आणि लेकीचे केस आईच्या बोटांना लागले.

गेले दोन रविवार तेल लावून घेताना पोरगी नुसती रडली होती, "मला घरी ने." शेवटी चंद्राक्का म्हणाली होती, "अजून एक रविवार काढ. नाहीच करमलं तर न्यायला येते."

आज केस आधीच चपचपीत होते. वेणीही घातलेली.

"कुणी घातली ही?"

"पौर्णिमानं. माझ्या खोलीत असते, गोंदियाकडची."

आजवर या केसांना दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता.

"वेणी आहे का सुंभ? तिच्या आईनं काही शिकवलं नाही वाटतं."

"हळू बोल, ती इथंच आहे. तिच्या गावाला रेंज नाही, तिच्या आईचे हात इथवर पोचत नाहीत."

चंद्राक्कानं त्या वेणीवरून बोटं फिरवली. "मग, येऊ का उद्या न्यायला?"

"उद्या नको, प्रॅक्टिकल आहे. परवा पण नको."

"मग ऊठ, तिला बसव." नवं डोकं हाताखाली आलं. "ताठ बस गं. पेड कसे ओढते ते ध्यानात ठेव. पुढच्या रविवारपासून माझ्या लेकीची वेणी तूच घालायचीस."