वर जागा नाही

“फोनमंदी खराबी नाई, काकाजी. वर जागा नाई म्हणून राहिला तो,” काउंटरमागून नागसेन म्हणाला.

“वर म्हणजे?” पंजाबरावांनी दुकानाच्या छताकडे पाहिलं.

“क्लाउडमंदी. ढगात समजा.”

“आभायातली जागाबी संपली? कोणं घेतली?”

जागा कोणी घेतली, हा पंजाबरावांचा जन्माचा प्रश्न. धाकट्या भावानं, अंकुरनं, वलगावच्या वावराचा धुरा, म्हणजे बांध, वीतभर सरकवला, एवढ्यावरून त्यांनी तीन वर्षांमागं घर फोडलं होतं. वाटणी केली ती मात्र कोणी बोट ठेवू नये अशी. वावर मोजलं, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरल्या, संत्र्याचं एक झाड जास्तीचं निघालं तर त्याची फळं टोपलीनं वाटली. शेवटी पाटा-वरवंटा उरला. पाटा थोरल्याकडे राहिला, वरवंटा धाकट्याकडे गेला. तेव्हापासून दोन्ही घरी चटणी मिक्सरची.

अंकुर आपला हिस्सा मक्त्यानं देऊन बायको-पोरीसह अकोल्याला निघून गेला. त्या घरी फोन लागला तर फोन विहिरीत जाईल, असं पंजाबरावांनी इकडे बजावलं. तिकडे अंकुरनंही तेच बजावलं म्हणे. शेवटी भाऊच ते.

या सगळ्या मोजमापात आचल कोणी धरलीच नाही. अंकुरची ही लेक दूध तुटल्यापासून मोठ्या आईच्या, म्हणजे पंजाबरावांच्या बायकोच्या, दुर्गाबाईंच्या, कुशीत झोपायची. गेली तेव्हा पाच वर्षांची होती. दुर्गाबाईंचा डावा हात अजून रात्री उशीसारखा पसरलेला राहतो. आता तिचे फोटो तेवढे त्यांच्याकडे होते. संत्र्यांच्या ढिगावर बसलेली आचल, मोठ्या आईचा चष्मा लावलेली आचल, हलणारा दात दाखवणारी आचल. सगळे याच फोनमध्ये. आणि फोनची बॅटरी पुरीसारखी फुगलेली. कधीही बंद पडेल, त्याआधी फोटो वर चढवून ठेवा, असं नागसेननंच मागे सांगितलं होतं. म्हणून त्या आज अमरावतीला आल्या होत्या. नवऱ्याला सांगितलं होतं, फोनमध्ये सातबाऱ्याचा फोटो आहे. नाहीतर पंजाबराव या दुकानाची पायरी चढते ना.

“पण काकू, तुमचा तर वर एकबी फोटो नाई,” नागसेन स्क्रीनवर बोट सरकवत म्हणाला. “बॅकअप बंदच होता.”

“यायनंच बंद करायले लावला होता. नेट खाते म्हणे.”

“मंग जागा कोणं खाल्ली?” पंजाबराव म्हणाले.

“ह्याच खात्यावर दुसरा एक फोन हाय, काकाजी. सारे व्हिडिओ त्याच्यावरून चढून राहिले. तुमचं बंद, म्हणून इकडे दिसले नाई. हे पाहा.”

दुर्गाबाईंच्या ध्यानात आलं. घर एक होतं तेव्हा अंकुरनं दोन फोन एकाच दिवशी आणले होते, एक बायकोला, पौर्णिमाला, अन् एक वहिनीला. घर एक तर खातंही एकच, म्हणाला होता. पंचांनी गंज-परातीपर्यंत सगळं वाटलं, आणि हे सामाईक राहून गेलं.

नागसेननं सर्वांत नवा व्हिडिओ लावला. उंच झालेली, दोन वेण्यांची एक पोरगी ताट पुढं धरून उभी होती. ताटात भाकर. एका बाजूनं जाड, दुसऱ्या बाजूनं जळालेली.

“मोठी आई, पाय. म्या केली,” पोरगी म्हणाली. मग तिनं मान वर करून फोन धरणारीला विचारलं, “आई, मोठी आई पायते का पण? एकदाबी काई बोलली नाई.”

“पायते ना वं,” पौर्णिमाचा आवाज आला. “तिचा फोन ह्याच खात्यावर हाय. रोज पायत असन.”

व्हिडिओ संपला. त्याच्या खाली तसलेच ओळीनं लागलेले होते. शाळेचा पहिला दिवस, सायकल, पडलेला दात. दुर्गाबाईंनी पदरानं स्क्रीन पुसली, खरं म्हणजे ती स्वच्छच होती.

“अजून एकडाव लाव,” पंजाबराव म्हणाले.

नागसेननं लावला. पंजाबराव वाकून पोरीच्या मागं पाहत राहिले. तिथं स्वयंपाकघराचं दार वाऱ्यानं लागू नये म्हणून त्याला वरवंटा टेकवला होता.

“यातले चार-दोन उडवू का? तुमच्या फोटोले जागा होईन,” नागसेननं विचारलं.

“हात नको लावू,” दुर्गाबाई म्हणाल्या.

“मंग दोन्ही फोनचे खाते वेगळे करून देतो. दोन मिनिटाचं काम हाय. त्यायचं त्यायले, तुमचं तुमाले.”

दुर्गाबाईंचा हात पदरातच थांबला. वाटायचं काही शिल्लक राहिलेलं पंजाबरावांना कळावं आणि त्यांनी ते वाटू नये, असं आजवर घडलं नव्हतं.

“नको,” पंजाबराव म्हणाले.

“मंग जागा विकत घ्या. महिन्याले किरकोळ लागते.”

“तेबी नको.”

हा नकार दुर्गाबाईंच्या ओळखीचा होता. त्यांनी फोनसाठी हात पुढं केला.

“अवो काकाजी, मंग फोटो पोचतीन कसे?”

“हातानं,” पंजाबराव म्हणाले. त्यांनी टोपी नीट केली आणि बायकोकडे न पाहता पायरी उतरले. “चाल वं. घरून पाटा घेऊ, अन् मंग अकोल्याची गाडी धरू.”