शेल्बीचा कायदा

दाराशी ठेवलेल्या कागदावर दोन रकाने होते. विधेयकाच्या बाजूने आणि विरोधात. व्हर्नाने दुसऱ्या रकान्यात आपलं नाव लिहिलं आणि ती आत गेली.

मागे बसायचं तिने ठरवलं होतं. पण समितीच्या दालनात एकच जागा उरली होती, ती पहिल्या रांगेत, साक्षीदारांच्या टेबलामागे. आजूबाजूच्या प्रत्येकाच्या छातीवर तोच बिल्ला होता. एकोणीस वर्षांची शेल्बी, लालसर केस, हसताना दिसणारा एक वाकडा दात. खाली लिहिलं होतं, शेल्बीचा कायदा. तो दातसुद्धा व्हर्नाला सलला. तिची स्वतःची आई फोटोत कधी हसलीच नव्हती.

आई, ओपल, चौऱ्याहत्तरची होती. फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी ती स्वयंपाकघरात कोसळली. आदल्याच वर्षी राज्याच्या विधानसभेने रुग्णवाहिकांचं अनुदान कापलं होतं आणि त्यांच्या कोळसाखाणींच्या काउंटीतलं, म्हणजे जिल्ह्यातलं, रुग्णवाहिका केंद्र बंद पडलं होतं. गाडी डोंगरापलीकडच्या काउंटीतून आली. पन्नास मिनिटं लागली. त्याच दुपारी डोंगरापलीकडे शेल्बी दम्याने गेली, तीही गाडीची वाट बघत. अनुदान परत मिळावं म्हणून राजधानीचे खेटे घालायला सुरुवात केली ती व्हर्नाने. पत्रं तिने लिहिली. विधेयकाच्या पहिल्या मसुद्यावर दोन नावं होती, ओपल आणि शेल्बी. मग शेल्बीची आई ट्रीना आली, तिच्यामागून वर्तमानपत्रवाले आले, आणि छापील विधेयकावर एकच नाव उरलं.

आज सकाळी जिन्यात व्हर्नाने त्यांच्या भागाचा आमदार डेलबर्ट कूट्स याला गाठलं होतं. तो उभ्याउभ्या सॉसेज घातलेला पाव खात होता.

"आईचं नाव कुणी काढलं, डेलबर्ट?"

"आता कशाला ते, मिस व्हर्ना? आधी पास तर होऊ दे. एका मतावर अडलंय सगळं."

"कुणी काढलं?"

त्याने घास गिळला. "ट्रीनाने. म्हणाली, एकच नाव ठेवा. का ते नाही सांगितलं. आणि राग मानू नका, पण तरुण पोरीचा फोटो बघितला की माणसं हळहळतात. म्हातारीचा बघितला की म्हणतात, जगली की पुष्कळ."

आता ट्रीनाची पाठ व्हर्नापासून हातभर अंतरावर होती. कोट निळा, नवा. कुणीतरी तिच्यापुढे पाण्याचा पेला आणून ठेवला. अध्यक्षबाई तिला नुसतं ट्रीना म्हणत होत्या. व्हर्ना दोन वर्षं इथे येत होती. तिला दर वेळी दोन मिनिटं संपल्याचा लाल दिवा तेवढा दिसला होता. शोकातसुद्धा हिला पुढची खुर्ची मिळाली, असं तिच्या मनात आलं, आणि त्याची तिला लाज वाटली नाही. काय बोलायचं ते तिने पाठ केलं होतं. एकाच मरणाची दखल घेणारा कायदा आपल्याला नको. जिची स्वतःची आई गेली तिनेच असं म्हटलं, तर ते एक मत फिरणार होतं. फिरू दे.

रुग्णवाहिका चालवणाऱ्या कंपनीचा माणूस माइकपुढे सरकला.

"अध्यक्षबाई, प्रश्न पैशांचा नाहीच. त्या रविवारी गाडी होती. शेल्बीच्या घरापासून पाच मिनिटांवर ती उभी असते. पण डोंगर ओलांडून एका वृद्ध बाईंकडे गेली होती. बाई आधीच गेल्या होत्या. तरी आमची माणसं चाळीस मिनिटं छाती दाबत बसली. का, तर घरचे सोडेनात."

त्या दिवशी गाडीतल्या तरुणाने व्हर्नाकडे बघून नकारार्थी मान हलवली होती, आणि तिने त्याची बाही धरली होती. अजून एकदा, बाळा. अजून एकदाच. त्याने ऐकलं होतं. त्या दिवसातली तेवढी एकच गोष्ट आठवली की तिला बरं वाटायचं. पलीकडे दुसरी गाडी असेलच, असं ती धरून चालली होती.

"म्हणजे दोष त्या घरचा," एक आमदार खुर्चीत मागे रेलून म्हणाला. "त्याला सरकार काय करणार? कुणाचं घर ते?"

"रुग्णाचं नाव सांगायची आम्हाला मुभा नाही, साहेब. त्या दिवसाच्या नोंदी शेल्बीच्या या आईंच्या वकिलाने मागवून घेतल्यात. त्यांना विचारा."

ट्रीनाची फाइल उघडीच होती. तिच्या खांद्यावरून व्हर्नाला वरचा कागद दिसला. ओपल स्लोन, चौदा, रिज रोड. कागद घड्या पडून मऊ झाला होता. पुष्कळ दिवस जवळ बाळगलेला असावा तसा.

ट्रीनाने त्या नावावर तळहात ठेवला.

"नाही माहीत, साहेब," ती म्हणाली. "कुणाची तरी आई होती."

दालनात कुजबुज झाली. अध्यक्षबाईंनी यादी जवळ ओढली. "पुढचं नाव. व्हर्ना स्लोन. विरोधात."

ट्रीना गर्रकन वळली. व्हर्नाकडे बघून तिने मान हलवली. अगदी थोडी. नको.

व्हर्ना टेबलाशी जाऊन तिच्या शेजारी बसली. हिरवा दिवा लागला.

"बोला, मॅडम. दोन मिनिटं आहेत."

"ते घर माझं," व्हर्ना म्हणाली. "सोडलं नाही ते मीच. आता मला विचारा, दोन काउंट्यांना मिळून गाडी एकच का होती."